बोडीची पाळ झिरपते आणि खाली घरं आहेत: आधी काय करायचं, आणि जबाबदारी कोणाची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडच्या बाजूला तुमच्या धानाच्या शेतात आजोबांच्या काळातली बोडी, म्हणजे शेतातला लहान तलाव, आहे. पाळ मातीची, सर्वात खोल भागात ४ मीटर उंच आणि सुमारे १२० मीटर लांब. बोडी भरली की पाणी दोन एकरांवर पसरतं. पाळ तुमच्या गटात आहे, पण बुडणाऱ्या जमिनीतली निम्मी चुलतभावाच्या गटात आहे. यंदा पाळीच्या पायथ्याशी पंधरा मीटर लांबीचा ओलावा दिसतो आणि एका जागी बारीक धार आहे. सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी निघायची वाट, २ मीटर रुंद आहे, आणि पाणी जास्त दिवस टिकावं म्हणून चुलतभावाला त्यावर दीड फूट रेतीच्या चुंगड्या (पोती) रचायच्या आहेत. खालचा शेतकरी म्हणतो पाळ फोडून टाका. चारशे मीटरवर तीन घरं आणि गावरस्ता आहे. ग्रामपंचायत म्हणते बोडी खाजगी आहे, आमचा संबंध नाही. आणि तुम्ही विचारता: हा झिरपा धोक्याचा आहे का, आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

तुम्ही झिरप्याबद्दल दोन परिच्छेद लिहिले आहेत आणि सांडव्याबद्दल एक ओळ. माझ्या मते क्रम उलटा हवा. झिरपा बघायलाच हवा आणि त्यावर मी पुढे सविस्तर लिहितो, पण मातीची पाळ जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे वरून पाणी उलटणं. त्यामुळे सुरुवात सांडव्यापासून करू.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पाळ मी पाहिलेली नाही. आत कोणती माती आहे, पाया किती खोल नेला होता, मोरी (पाळीतून पाणी सोडायची वाट) कशी बसवली आहे, हे फोटोवरून कळत नाही. खालचे आकडे तुम्ही दिलेल्या मापांवर आहेत. मापं बदलली तर आकडे बदलतील, हिशोबाची रीत तीच राहील.

बोडीत पाणी किती आहे ते पाहू. सांडव्याची पातळी पाळीच्या माथ्याच्या ०.९ मीटर खाली आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे सर्वात खोल जागी पाणी ३.१ मीटर. पसारा ८,००० चौरस मीटर. तळ उतरता असल्याने पसारा गुणिले खोली, आणि त्याचे चार दशांश धरायचे. सुमारे १०,००० घनमीटर होतात. एक कोटी लिटर. पाळ पूर्ण फुटली तर हे पाणी सेकंदाला ३० ते ४० घनमीटर इतक्या जोराने निघू शकतं आणि चारशे मीटरवरच्या घरांपर्यंत चार-पाच मिनिटांत पोचतं. झोपलेल्या माणसाला उठवून लेकरांसह बाहेर काढायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून "एवढीशी बोडी" हा शब्द मी वापरत नाही. खाली कोण राहतं यावर बोडी लहान की मोठी ते ठरतं.

आता सांडवा. बोडीत किती शिवाराचं पाणी उतरतं ते आधी मोजा. मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडून वरच्या बाजूचा उंचवटा धरत रेघ फिरवली की क्षेत्र मिळतं, मग पावसात एकदा त्या रेघेवरून चालून खात्री करा, कारण एखादा पांदण रस्ता किंवा चर पाणी दुसरीकडे वळवत असतो, किंवा दुसरीकडचं तुमच्याकडे आणत असतो. तुम्ही ३० हेक्टर म्हणता. घटकाभर पडणाऱ्या जोराच्या पावसाचा वेग तासाला १०० मिलिमीटर धरला आणि पडलेल्यातलं निम्मं पाणी वाहून आलं, तर हिशोब असा: ०.५ × १०० × ३० भागिले ३६०. उत्तर ४.२ घनमीटर दर सेकंदाला. खाली घरं असल्याने मी १०० ऐवजी १२० धरेन, म्हणजे ५ घनमीटर. जमीन आधीच भिजून फुगलेली असेल तर निम्म्याहून जास्त पाणीही येतं, तेव्हा यातून घासाघीस करून आकडा कमी करू नका.

सपाट, रुंद सांडव्यावरून किती पाणी जातं याचा ढोबळ नियम: १.७ × रुंदी × खोली × खोलीचं वर्गमूळ, सगळं मीटरमध्ये. तुमचा सांडवा २ मीटर रुंद आहे. पाळीवरून उलटायच्या आधी त्यावर जास्तीत जास्त ०.९ मीटर पाणी चढू शकतं. त्या वेळी तो सेकंदाला २.९ घनमीटर काढतो. यायचे आहेत ५. म्हणजे सांडवा आजच अपुरा आहे, चुंगड्या न ठेवताही. आणि दीड फूट, म्हणजे ०.४५ मीटर, चुंगड्या रचल्यावर उरते ०.४५ मीटर खोली, आणि क्षमता येते १ घनमीटरवर. पाचातलं एक. चुलतभावाला हा आकडा दाखवा. त्याला पाणी हवं आहे हे चुकीचं नाही, रोवणीनंतर पावसाने ताण दिला की एका पाण्यावर धान वाचतो किंवा जातो हे आपण सगळे जाणतो. पण त्या चुंगड्यांमुळे पाळ फुटली तर एका पाण्यासाठी कायमची बोडी जाईल, आणि सोबत खालची घरं. चुंगड्या पुराच्या लोंढ्याने आपोआप वाहून जातील हा समज तर आणखी घातक. ओल्या रेतीची चुंगडी जागा सोडत नाही, तिला पालापाचोळा आणि झाडोरा अडकतो आणि बांध आणखी पक्का होतो.

उपाय दोन आहेत. सांडवा ७ ते ८ मीटर रुंद केला तर ५ घनमीटर पाणी ०.६ मीटर खोलीने जातं, पण त्यावर किमान अर्धा मीटर मोकळी उंची हवी, म्हणजे सांडव्यापासून माथा १.१ मीटर वर असायला हवा. तुमच्याकडे ०.९ आहे. मग सांडवा २० सेंटिमीटर खाली घ्यावा लागेल आणि पाणी गमवावं लागेल, भरलेल्या बोडीत जवळपास १६ लाख लिटर. दुसरा उपाय, सांडवा १० मीटर रुंद करा आणि पातळी आहे तीच ठेवा. मग पाणी ०.४५ मीटर खोलीने जातं आणि तेवढीच मोकळी उंची उरते. मोकळी उंची थोडी कमी आहे, पण इतक्या लहान पसाऱ्यात लाटा फार मोठ्या होत नाहीत. तुमच्या घरातला वाद पाहता मी दुसरा उपाय निवडेन, कारण त्यात कुणाचं पाणी जात नाही, फक्त खोदकाम वाढतं. सांडवा पाळीच्या टोकाला, मूळ कडक जमिनीत कापलेला हवा, भरावावर कधीच नको. सांडव्याचं पाणी पाळीच्या पायथ्याला घासून न जाता लांब नाल्यात पडलं पाहिजे. उतारावर दगडी अस्तर आणि शेवटी पाणी आदळतं तिथे मोठ्या दगडांची पायरी, नाहीतर खालून घळ खात खात मागे सरकते आणि दोन-चार पावसाळ्यांत सांडवाच उखडते.

हे करताना माथ्याची पातळीही मोजा. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी घेतो तसं दर पाच मीटरवर. जुन्या पाळी मध्यभागी, जिथे भराव सर्वात उंच, तिथेच खचलेल्या असतात, आणि बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी आणखी खाली गेलेल्या. ०.९ मीटर हे माप तुम्ही टोकाला घेतलं असेल आणि मध्ये पाळ फूटभर बसलेली असेल, तर वरचा सगळा हिशोब आणखी वाईट होतो. पाणी सर्वात खोलगट जागेवरूनच उलटणार.

आता झिरपा. मातीची पाळ थोडी झिरपतेच. प्रश्न तीनच: पाणी स्वच्छ आहे का, वाढतं आहे का, आणि कुठून येतं आहे. काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची एक लिटरची बाटली धारेखाली भरा, अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी माती बसली तर पाळीच्या आतून माती निघते आहे, म्हणजे आत नळी तयार होते आहे, आणि तेव्हा थांबायला वेळ नसतो. स्वच्छ असेल तर मोजायला लागा. धारेला छोट्या चरातून एका जागी आणा, पन्हळीखाली १५ लिटरची बादली लावा, भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहा. अर्ध्या मिनिटात बादली भरली तर सेकंदाला अर्धा लिटर. शेजारी त्या दिवशीची बोडीतली पाण्याची पातळी आणि पाऊसही लिहा, त्यासाठी सांडव्याजवळ पाण्यात एक खूण केलेली काठी रोवून ठेवा. पाणी उतरलं की झिरपाही उतरला तर ठीक. पातळी तीच आणि झिरपा आठवड्यात दीडपट झाला, तर पाणी स्वच्छ असलं तरी मी ते धोक्याचं मानेन.

जागेचा अर्थही वेगवेगळा असतो. ओलावा पायथ्याशी असेल तर बहुधा पायातून किंवा पाळीच्या तळातून येतो आणि आटोक्यात आणता येतो. उताराच्या अर्ध्यावर ओल दिसली तर पाण्याची रेषा पाळीत फार वर चढली आहे, तो उतार घसरू शकतो. ओल मोरीच्या नळाशेजारी असेल तर सर्वात आधी तिकडे धावा. पायथ्याच्या पुढे शेतात उकळल्यासारखे बुडबुडे आणि भोवती रेतीचं कडं दिसलं, तर पायाखालची रेती वर येते आहे.

इथे एक चूक हमखास होते. धार दिसली की लोक बाहेरच्या बाजूने काळी माती किंवा सिमेंट ठोकून ती बुजवतात. धार थांबते, आतलं पाणी थांबत नाही. त्याचा दाब वाढतो आणि ते दुसरी वाट काढतं, बहुतेक वेळा आणखी वर. बाहेरच्या बाजूला पाणी अडवायचं नसतं, माती अडवायची असते आणि पाणी जाऊ द्यायचं असतं. त्यासाठी गाळणी: आधी स्वच्छ जाड रेती ३० सेंटिमीटर, त्यावर १० ते २० मिलिमीटरची गिट्टी १५ सेंटिमीटर, त्यावर दगड ३० सेंटिमीटर. तुमच्या पंधरा मीटर लांबीला ४ मीटर रुंदीने पसरायचं तर रेती १८ घनमीटर, म्हणजे साडेसहा ब्रास, आणि गिट्टी ९ घनमीटर, सव्वातीन ब्रास. रेती धुतलेली हवी. मुठीत दाबून हात झटकल्यावर तळव्याला चिखल राहिला तर ती रेती गाळणीला नालायक. पायथ्याशी फूटभर खोल चर काढून पाणी नाल्यात सोडा आणि मोजमापाची बादली त्या चराच्या तोंडाशी ठेवा. हे काम पाणी भरलेलं असतानाही करता येतं, करायलाच हवं. बुडबुडे येत असतील तर त्याभोवती चुंगड्यांचं गोल कडं रचा, आत पाणी फूट-दीड फूट चढू द्या, आणि कड्यातून स्वच्छ पाणी वाहू लागलं की थांबा.

पाणी अडवायचं असेल तर ते आतल्या बाजूने, उन्हाळ्यात, बोडी आटल्यावर.

तोपर्यंत पाण्याची पातळी कमी ठेवणं हा सर्वात स्वस्त विमा आहे. मोरी चालत नसेल तर ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप पाळीवरून टाकून वक्रनळीने (सायफनने) पाणी काढा. बाहेरचं तोंड पाण्याच्या पातळीपेक्षा दोन मीटर खाली असेल तर एक पाइप सेकंदाला साधारण १५ लिटर काढतो, दिवसाला सुमारे १,३०० घनमीटर. तुमच्या पसाऱ्यावर ती रोज १६ सेंटिमीटर उतरण झाली, आणि घाई नसताना मी यापेक्षा वेगाने उतरवणार नाही. पाणी झटकन उतरलं की आतल्या बाजूची भिजलेली, जड झालेली माती आधार सुटून पाण्याकडे घसरते. कन्हारी, म्हणजे काळ्या चिकण, जमिनीत हे विशेष. बाहेरचं तोंड पायथ्यापासून लांब न्या, दगडावर पाडा. मीटरभर पातळी उतरायला आठवडा लागेल, पण तेवढ्याने पाळीवरचा दाब खूप कमी होतो आणि एखादा मोठा पाऊस पोटात घ्यायला जागा होते.

मोरीबद्दल वेगळं लिहितो, कारण लहान पाळींमध्ये नळाशेजारून फुटण्याचं प्रमाण मोठं आहे. तुमच्याकडे जुनं दगडी तुडूम (पाणी सोडायचं जुन्या पद्धतीचं बांधकाम) आहे की नंतर कोणी पाळ उकरून पीव्हीसी नळ टाकला आहे, ते बघा. नळ गुळगुळीत असतो, त्याच्या पोटाखाली माती ठोकली जात नाही, आणि तिथून पाणी नळाला चिकटून वाट काढतं. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं तेव्हाही मोरीच्या वरचा भराव खचत गेला होता. आकार कितीही वेगळा असो, कमजोर जागा तीच. उन्हाळ्यात नळाच्या बाहेरच्या एक तृतीयांश लांबीत भोवतालची माती काढा आणि दोन फूट जाडीची रेतीची गाळणी सर्व बाजूंनी घाला, ती पायथ्याच्या गाळणीला जोडा. नळ तडकलेला असेल तर तो सिमेंटने कायमचा बंद करून पाणी वक्रनळीनेच काढलेलं बरं. दोन एकरांच्या बोडीला पाळीतून नळ हवाच असं नाही.

झाडं आणि बिळं यांबद्दल थोडक्यात. मनगटाएवढी झुडपं मुळासकट काढा. मोठा मोह किंवा शिंदी पाळीवर असेल तर बोडी भरलेली असताना हात लावू नका. उन्हाळ्यात तोडा, खोड आणि मुख्य मुळं उकरा, खड्डा थरांनी ठोकून भरा. नुसतं वरून तोडलेलं झाड काही वर्षांनी जास्त धोकादायक होतं, कारण मुळं कुजून पोकळ्या उरतात. घूस, सायाळ, खेकडे यांची बिळं शेवटपर्यंत उकरून भरायची, तोंडावर दगड ठेवून नाही. हरळी मात्र लावा, ती पाळीचं कातडं आहे.

उन्हाळ्यातल्या मातीकामात पैसा वाया जातो तो ठोकणीत. जेसीबीने माती टाकून बादलीने थोपटणं म्हणजे ठोकणी नव्हे. जुन्या उताराला आधी गवत-मुळं काढून फूटभराच्या पायऱ्या पाडा, नाहीतर नवी माती जुन्यावरून घसरते आणि दोन्हींच्या सांध्यातून पाणी जातं. माती २० सेंटिमीटरच्या सैल थरात पसरा, ओल तपासा: मुठीत लाडू वळला पाहिजे, कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर तो दोन-चार तुकड्यांत फुटला पाहिजे. भुगा झाला तर कोरडी, चपटला तर जास्त ओली. मग रोलर, ८ ते १० फेऱ्या. आतल्या बाजूला आणि गाभ्यात चिकण माती, बाहेर मुरूम. पूर्ण पाळ कन्हारी मातीची असेल तर माथ्यावर आणि उतारांवर फूटभर मुरूम हवाच, कारण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात बोडी एकदम भरली की पाणी त्या भेगांतून आरपार जातं. उतार आतून १:२.५ आणि बाहेरून १:२, माथा २ ते अडीच मीटर. ४ मीटर उंचीला म्हणजे तळाची रुंदी वीस मीटर झाली. जुन्या बोड्यांची बहुधा बारा-चौदा असते. सगळी पाळ एका वर्षात रुंद करणं परवडत नसेल तर सर्वात खोल तीस मीटर आधी करा.

आता मालकी. इथे लोक जमीन, पाळ आणि पाणी यांची गल्लत करतात. तिन्हींचे हक्क वेगळे असू शकतात.

पहिली तपासणी: बोडी खरोखर आजोबांनी बांधली की जुनीच दुरुस्त केली? पूर्व विदर्भात मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातले हजारो तलाव आहेत. विदर्भ मध्य प्रदेशात होता तेव्हा, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ते तलाव सरकारकडे गेले, त्यांनाच आपण मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतो. घरात "आजोबांची बोडी" म्हणतात आणि जुन्या नोंदीत ती वेगळीच असते, असं होऊ शकतं. तलाठ्याकडून चालू सातबारा, जुने सातबारे आणि गाव नकाशा घ्या. बोडीचं क्षेत्र पोटखराब्यात (लागवडीलायक नसलेल्या जमिनीत) कसं दाखवलंय ते वाचा. मग गावाचं निस्तार पत्रक (सरकारी पडीक जमिनीवरच्या गावकऱ्यांच्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज मागा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६५ प्रमाणे वाजिब-उल-अर्जात नेमके खाजगी जमिनीतल्या आणि पाण्यातल्या सिंचनाचे, वाटेचे, मासेमारीचे गावरिवाज नोंदलेले असतात. तुमच्या भागाबाहेरच्या वकिलाला हा कागद आठवतोच असं नाही, तुम्ही आठवण करून द्या.

दुसरी तपासणी: पाळ नकाशावरच्या नाल्यावर आहे का? त्याच संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी, नाले आणि त्यांतलं वाहतं पाणी, कुणाची खाजगी मालकी सिद्ध नसेल तर, राज्याचं आहे. शेतातल्या उताराचं पाणी अडवणं आणि नोंदलेला नाला अडवणं यांत मोठा फरक पडतो. आणि खालच्या शेतकऱ्यांच्या बांध्यांना (धानाच्या वाफ्यांना) तुमच्या सांडव्याचं पाणी वीस वर्षांहून जास्त काळ उघडपणे, हक्काने आणि अखंड मिळत असेल तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ खाली ते त्यावर दावा सांगू शकतात. म्हणजे सांडव्याची दिशा बदलण्याआधी त्यांच्याशी बोलावं लागेल.

जबाबदारी मात्र या सगळ्यापेक्षा सरळ आहे. पाळ ज्याच्या जमिनीत आणि ताब्यात, सांभाळण्याचं काम त्याचं. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ तुम्हाला लागू होत नाही, तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना आहे. याचा अर्थ तुमच्यावर बंधन नाही असा नव्हे. याचा अर्थ तपासायला कोणी येणार नाही, तपासणी तुम्हालाच करायची आहे. नुकसान झालं तर दिवाणी दावा तुमच्यावर येतो, आणि निष्काळजीपणाने जीव गेला तर फौजदारीही.

इंग्लंडमध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात १८६८ साली ठरलं की स्वतःच्या जमिनीत साठवलेलं पाणी सुटून दुसऱ्याचं नुकसान झालं तर चूक सिद्ध न होताही साठवणारा जबाबदार. पण १८७४ मध्ये मद्रास रेल्वे विरुद्ध कार्वेटनगरचे जमीनदार या खटल्यात, फुटलेल्या तलावांच्या पाण्याने रेल्वेचे पूल वाहून गेले असताना, प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने) तो कडक नियम लावला नाही. तलाव पिढ्यान्‌पिढ्यांचे, लोकांच्या शेतीला लागणारे, राखणं जमीनदाराचं कर्तव्य, आणि राखण्यात त्याची हयगय सिद्ध झाली नाही, म्हणून तो सुटला. या निकालावर विसंबून निश्चिंत राहू नका, तुमची बोडी खाजगी वापराची ठरली तर चित्र वेगळं होईल. पण त्यातली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे: नीट राखल्याचा पुरावा. झिरप्याची ती वही, तारखेचे फोटो, रेती-गिट्टीची बिलं, ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जाची पोच, हे सगळं जपून ठेवा. उलट, धोका लेखी कळल्यावर काहीच न करणं हा सर्वात वाईट पुरावा. तुम्हाला ओलावा दिसला आहे, आता तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

चुलतभावाची जमीन बुडते, त्याला पाण्याचा वाटा आहे, मग खर्चाचाही हवा. लेखी करार करा: सांडव्याची पातळी मीटरमध्ये, आणि ती दाखवणारा सिमेंटचा खांब दोघांसमोर बसवलेला. सांडव्यावर कोणीही काहीही रचणार नाही ही अट. दुरुस्तीचा खर्च पाण्याच्या वाट्याच्या प्रमाणात. मोरी किंवा वक्रनळी कोण उघडणार. पावसाळ्याआधी, पहिल्यांदा भरल्यावर आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाहणी कोण करणार. जमीन विकली तर घेणाऱ्यावरही हे बंधन राहावं यासाठी तो नोंदवावा लागेल का, ते वकिलाला विचारा. त्याने उद्या तुम्हाला न विचारता चुंगड्या ठेवल्याच तर फोटो काढून त्याच दिवशी लेखी हरकत द्या आणि चुंगड्या काढा. नातं नंतर सावरता येतं.

खालच्या शेतकऱ्याची "फोडा" ही मागणी रागातून असली तरी तिच्यामागची भीती खरी आहे. भरलेल्या बोडीची पाळ फोडणं हाच सर्वात मोठा अपघात ठरेल, हे त्याला सांगा. दुरुस्ती परवडणारच नसेल तर बोडी बंद करणं हाही रास्त पर्याय आहे, पण उन्हाळ्यात, कोरडी असताना, सर्वात खोल जागी तळापर्यंत रुंद काप घेऊन, दोन्ही बाजूंना उतार ठेवून. अर्धवट फोडलेली पाळ पुढच्या पावसाळ्यात गाळ-काटक्यांनी पुन्हा तुंबते आणि मग कोणाच्याच लक्षात नसताना फुटते.

ग्रामपंचायतीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दुरुस्तीचा खर्च तिचा नाही. पण खाली गावरस्ता आणि वस्ती आहे, म्हणून तिला आणि तहसीलदारांना लेखी कळवा, मोजमापं जोडा, आणि कृषी विभागाकडे किंवा पंचायत समितीत बोडी नूतनीकरणासाठी काय मिळतं ते विचारा. योजनेतून काम घेतलंत तर हमीपत्रातला मजकूर सही करण्याआधी पूर्ण वाचा, पाण्याच्या वापराबद्दल आणि देखभालीबद्दल अटी तिथेच असतात.

राहिली ती तीन घरं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावाने आधी केल्या होत्या. त्यानंतर खेकड्यांनी धरण पोखरलं का यावर फार बोललं गेलं, पण मला त्यात सर्वात जास्त खटकतं ते हे की गळती माहीत होती आणि तरी त्या रात्री लोक घरातच होते. तुमची गळती आज माहीत आहे. म्हणून आजच त्या तीन घरी स्वतः जा, चुलतभावालाही सोबत न्या. घरटी दोन फोन नंबर घ्या, तुमचे दोघांचे द्या. पाणी गढूळ झालं, धार एकदम वाढली, माथ्यावर पाळीला समांतर भेग दिसली, किंवा सांडव्यावरचं पाणी माथ्यापासून फूटभर खाली येऊन ठेपलं, या चारांपैकी काहीही झालं तर आधी त्यांना फोन, मग तलाठी आणि पोलीस पाटील, मग रस्ता दोन्ही बाजूंनी अडवायचा, आणि त्यानंतर पाळीकडे. हाच क्रम. रात्री जोराचा पाऊस लागला तर त्या घरांनी वाट न बघता नाल्यापासून दूर, उंचावरच्या कोणत्या घरी झोपायला जायचं, तेही आजच ठरवून या.